ठाण्याच्या तुरुंगाची भिंत आणि एक मोतद्दार

टंकलेखिका
शुक्रवार, रात्री १०.२०

ठाण्याला कोर्ट नाक्यावर मी एकोणीस वर्षं टायपिंग करते आहे. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, नावातला बदल, वारस दाखल्याचे अर्ज. दुपारी गर्दी ओसरली की डबा खाऊन पाय मोकळे करायला निघते ती बहुतेक वेळा जेलच्या भिंतीकडेच. ती भिंत मुळात किल्ल्याची. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या हाती गेला. पुढे त्याचा तुरुंग झाला, तो अजून तुरुंगच आहे.

या सोमवारी एक म्हातारी सुनेबरोबर वारसाच्या अर्जासाठी आली होती. सगळे रकाने भरले, एक राहिला. सासूचं नाव. म्हातारी म्हणाली, "तिला सगळे आईच म्हणायचे. नाव कुणी घेतलंच नाही." चाळीस वर्षं एका चुलीवर रांधलेली बाई, आणि सुनेला तिचं नाव सांगता येईना. रकाना तसाच ठेवून मी कागद यंत्रातून काढला. दुपारी भिंतीपाशी गेले तेव्हा वडिलांनी लहानपणी सांगितलेली एक गोष्ट आठवली. तीच सांगायला हा धागा काढते आहे.

१८१५ च्या जुलैत पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री गायकवाडांचे वकील. पेशवे आणि गायकवाड यांच्यातला अहमदाबादच्या इजाऱ्याचा, म्हणजे महसूल वसुलीच्या मक्त्याचा, आणि थकलेल्या बाकीचा वाद मिटवायला ते बडोद्याहून आले होते आणि त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. ऐन आषाढी वारीचे दिवस, देवळातून परतताना रस्त्यात मारेकऱ्यांनी गाठलं. आळ आला दुसऱ्या बाजीरावांचे उजवे हात त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, एल्फिन्स्टन यानं पुण्याहून त्यांचा ताबा मागितला. बाजीरावांनी बरेच दिवस टाळाटाळ केली आणि शेवटी सप्टेंबरात माणूस हवाली केला. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात आले.

पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई ठेवले होते. देशी शिपाई फितूर होतील ही धास्ती. पण गोऱ्या शिपायांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, आणि घात नेमका तिथेच झाला.

किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठी मोतद्दार घोड्याच्या चाकरीला होता. घोडा फिरवून आणायला तो रोज त्रिंबकजींच्या खिडकीखालून जायचा आणि गाणं म्हणायचा. घोड्यामागे चालणारा माणूस गुणगुणतो, त्यात काय संशय घ्यायचा? पहारेकऱ्यांनी घेतला नाही. त्या गाण्यातच सगळा निरोप होता. बिशप हेबर नावाच्या पाद्र्यानं काही वर्षांनी तो इंग्रजी पद्यात लिहून ठेवला. झुडपाआड तिरंदाज दबा धरून आहेत, झाडाखाली घोडं उभं आहे. पंचावन्न घोडे आहेत, चौपन्न माणसं आहेत. पंचावन्नावा रिकिबीत पाय घालील तेव्हा दख्खन पुन्हा उभी राहील.

१२ सप्टेंबर १८१६. काळोखी, पावसाची रात्र. शौचकूपाच्या भिंतीला भोक पाडून त्रिंबकजी निसटले. खाडी ओलांडून घाटावर, संगमनेर-नाशिकच्या डोंगरांत. तिथे भिल्ल, रामोशी जमवले. पुढच्या जूनमध्ये इंग्रजांनी बाजीरावांच्या गळ्यात पुण्याचा तह बांधला, नोव्हेंबरात खडकीची लढाई, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्रिंबकजी पुन्हा पकडले गेले आणि काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात १८२९ मध्ये कैदेतच वारले.

पाद्र्याचं नाव राहिलं, रेसिडेंटचं राहिलं, त्रिंबकजींचं राहिलं. ज्यानं रोज गळा मोकळा करून स्वतःची मान धोक्यात घातली, तो मात्र इतिहासात "एक मोतद्दार" एवढाच आहे. माझ्या अर्जातला तो रिकामा रकाना.

आपल्याकडे थोर माणसांवर पुष्कळ लिहिलं जातं. माझी विनंती वेगळी आहे. ठाणे, कळवा, वाशी, पनवेल, तुमच्या रोजच्या वाटेवर ज्या मोठ्या माणसाची खूण आहे त्याच्याबद्दल लिहा, पण येताना त्याच्या शेजारी उभा असलेला माणूसही घेऊन या. नाव ठाऊक असेल तर नावानिशी.

चरईकर
शुक्रवार, रात्री ११.०५

ताई, किती वर्षं त्या रस्त्यानं जातो आहे, हे ठाऊक नव्हतं. मी कोपिनेश्वराच्या सावलीत वाढलो. आजचं देऊळ १७६० च्या सुमाराचं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलेलं. साष्टी-वसईची मोहीम म्हटली की चिमाजी अप्पांचं नाव येतं आणि ते योग्यच आहे. पण जिंकलेल्या मुलखाचा महसूल बसवणं, बंदरं राखणं, माणसं परत आणणं ही मोहिमेनंतरची कामं बिवलकरांसारख्यांनी केली. माझ्याकडून हे नाव.

मात्र एक खटकलं, ते बोलतोच. शास्त्रीबुवा वकील होते, वकिलाला अभय असतं. देवळाच्या वाटेवर, वारीच्या गर्दीत, निःशस्त्र माणसाला मारलं. त्याचा आळ ज्याच्यावर आहे त्याच्या सुटकेची गोष्ट ऐकून आपण खूश व्हायचं का?

टंकलेखिका
शुक्रवार, रात्री ११.४०

चरईकर, प्रश्न रास्त आहे. खुनाचं समर्थन माझ्याकडून होणार नाही. शास्त्रींच्या घरच्यांचा विचार केला की पोटात कालवतं.

पण रोज कोर्टाचे कागद हाताखालून जातात, म्हणून मला एक गोष्ट दिसते. त्रिंबकजींवर खटला चालला नाही. आरोपपत्र नाही, साक्षी नाहीत, उलटतपासणी नाही. रेसिडेंटनं चौकशी केली, रेसिडेंटनंच दोषी ठरवलं आणि माणूस आत टाकला. तेव्हा "त्रिंबकजींनी खून करवला" हे वाक्य मी टाइप करणार नाही, आणि "त्रिंबकजी निर्दोष होते" हेही नाही. मोतद्दाराबद्दल मात्र खात्रीनं लिहीन. त्यानं कुणाला मारलं नाही. तो गायला.

अकोले_ते_कळवा
शनिवार, सकाळी ७.१५

ताई, तुमच्या भिंतीआड आमचा माणूस गेला आहे, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहितो आहे.

राघोजी भांगरे. गाव देवगाव, तालुका अकोले. महादेव कोळी. पेशवाईत आमच्या लोकांकडे गडांची राखण होती, त्याबद्दल वेतनं होती, जमिनी होत्या. १८१८ नंतर इंग्रजांना गडांची गरज उरली नाही. वेतनं गेली, जमिनी सावकारांच्या वह्यांत गेल्या. राघोजी काही काळ सरकारच्याच पोलिसात होते. आपल्याच लोकांवर काठी चालवायची वेळ आली आणि ते डोंगरात गेले. १८४४-४५ मध्ये नगर, नाशिक, पुणे, ठाणे या चारही जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात त्यांचं बंड पेटलं होतं. सावकारांच्या घरांवर धाडी घालायच्या आणि गहाणखतं, कर्जरोखे जाळायचे. दागिन्यांपेक्षा कागदावर राग जास्त.

पुढे ते गोसाव्याच्या वेशात हिंडले. १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात लेफ्टनंट गेलनं त्यांना पकडलं. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. आमच्याकडे सांगतात की त्यांनी सरकारला कळवलं होतं, फासावर लटकवू नका, तलवारीनं किंवा बंदुकीनं मारा. ऐकलं नाही.

आता शेजारचा माणूस. बंडाच्या काळात राघोजींना भाकरी कुणी दिली? डोंगरातल्या वाड्यांनी. त्या भाकरीपायी गावंच्या गावं छळली गेली, बायकांनी मार खाल्ला. माझी पणजी म्हणायची, उंबऱ्याबाहेर रात्री एक भाकरी जास्तीची ठेवायची रीत आमच्या घरात होती, कुणासाठी ते विचारायचं नाही. तिच्या वेळी बंड होऊन किती पिढ्या लोटल्या होत्या. रीत मात्र राहिली.

मी रोज कळव्याहून पूल ओलांडून कामाला जातो. जेल दिसला की मान आपोआप लवते.

टंकलेखिका
शनिवार, सकाळी ९.३०

ती जास्तीची भाकरी आता डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि हे बघा, शास्त्रींचा खून पंढरपुरात, राघोजींना पकडलं पंढरपुरात, आणि दोन्ही वाटा येऊन थांबल्या ठाण्याच्या या किल्ल्यात. विठ्ठलाच्या दारी वेश पालटूनही जाता येतं या भरवशावर राघोजी गेले असतील. वारीत कुणी कुणाला जात-गाव विचारत नाही.

घाटाचे_काम
शनिवार, दुपारी १२.४५

रेल्वेत अडतीस वर्षं काढली, मार्गनिगराणीत, म्हणजे रुळांच्या देखभालीत. ठाणे म्हटलं की १६ एप्रिल १८५३ सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. बोरीबंदरहून दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, २१ तोफांच्या सलामीत, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. अंतर ३४ किलोमीटर, शेवटचं स्थानक आपलं ठाणे.

या गाडीमागचा मराठी माणूस म्हणजे नाना, जगन्नाथ शंकरशेट. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि नाना यांनी मुंबईत रेल्वे हवी म्हणून पुढाकार घेतला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी झाली तेव्हा नाना तिच्या संचालकांत होते. गाडी म्हणजे लोखंडी राक्षस असं लोक म्हणत होते, त्या काळात हा माणूस भांडवल आणि भरवसा दोन्ही गोळा करत होता.

पण ताईंनी शेजारचा माणूस मागितला आहे, म्हणून ठाण्याच्या पुढे जातो. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली. खरी परीक्षा बोरघाटाची. पहिल्या कंत्राटदारानं काम अर्ध्यात सोडलं. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून काम घ्यायला आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं वारला. तेव्हा त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतलं. दोन जाणते इंजिनिअर कामावर नेमले, आणि १८६३ मध्ये घाट सुरू झाला. नवरा गेलेली परकी बाई आणि पुढ्यात अख्खा सह्याद्री. पुढे उद्घाटनांच्या गडबडीत तिचं नाव मागेच पडलं.

आणि तिच्याही शेजारी कोण? १८६१ मध्ये घाटावर एका वेळी सुमारे ४२,००० मजूर होते. सुरुंग, दरडी, पटकी. किती मेले याचा विचार करवत नाही. मी नोकरीत असताना पावसाळ्यात घाटात गस्तीला जायचो, गँगमन पुढे कंदील घेऊन. बोगद्याच्या तोंडाशी छिन्नीचे घाव अजून मोजता येतात. एक घाव सरासरी वीतभर. त्यावरून हात फिरवला की घाव घालणारा डावखुरा होता की उजवा, एवढं कळतं. नाव कळत नाही.

मुरबाडची_लेक
शनिवार, दुपारी २.१०

घाटाचे काम, तुमच्या शेवटच्या ओळी वाचून थांबले.

नाना मूळचे आमच्या मुरबाडचे, जन्म १० फेब्रुवारी १८०३. रेल्वेवर सगळेच बोलतात. मला नाना आवडतात ते लोकांच्या खांद्याला खांदा लावून केलेल्या कामांसाठी. सतीबंदीच्या बाजूनं ते उभे राहिले. सरकारनं सोनापूरची स्मशानभूमी गिरगावातून शिवडीला न्यायची ठरवली तेव्हा गरिबानं मढं खांद्यावर घेऊन इतकं लांब कसं जायचं, म्हणून ते भांडले आणि सोनापूर जागेवर राहिलं. स्वतःच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. हे १८४९ च्या आसपासचं, मुलींनी अक्षर गिरवलं की नवरा मरतो असं म्हणणाऱ्या लोकांमध्ये राहून. त्या शाळांत शिकवणारे तरुण मास्तर पैसे न घेता सकाळी शिकवायचे आणि मग आपापल्या कामाला जायचे. नानांच्या शेजारचे म्हणून मी त्यांना आणते.

नानांच्या नावाची शिष्यवृत्ती मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळते. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडून मोकळे झाले. आज ठाण्यात महापालिकेची प्रशासकीय सेवांची प्रशिक्षण संस्था त्यांच्याच नावानं चालते. तिथे माझा भाचा अभ्यासाला जातो.

आमची मोठी आत्या या शिष्यवृत्तीसाठी वर्षभर पहाटे चारला उठून रूपं पाठ करायची. दोन गुणांनी हुकली. पुढे तिनं पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं. तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला नानांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. न मिळालेल्या बक्षिसाच्या माणसाचा फोटो कुणी जपतं का? तिनं जपला.

जुने_पान
शनिवार, सायंकाळी ६.००

वि. ल. भाव्यांचं नाव अजून कसं आलं नाही? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ चं. ते उभं करणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे होते, वय एकवीस. जन्म पनवेलजवळच्या पळस्प्याचा, व्यवसाय मिठाचा. खाडीकाठच्या मिठागरांवर दिवस काढायचे आणि संध्याकाळी जुन्या पोथ्यांत बसायचे. त्यातून महाराष्ट्र सारस्वत उभं राहिलं, प्राचीन मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहास. १९१९ च्या आवृत्तीत तो कितीतरी वाढला. महानुभावांचं जे साहित्य सांकेतिक लिपीत कुलुपबंद होतं, त्यालाही त्यात जागा मिळाली. आज आपण मुकुंदराज, दासोपंत, मुक्तेश्वर अशी नावं एका ओळीत घेतो, ती ओळ लावून देणाऱ्यांत हा मीठवाला आघाडीवर.

भाव्यांच्या शेजारी मी त्या पोथ्या उतरवणाऱ्यांना उभं करतो. छापखाना नव्हता तेव्हा एकेक प्रत हातानं व्हायची. जुन्या बाडांच्या शेवटी नकलकार कधी कधी एक श्लोक लिहून ठेवतो:

भग्नपृष्ठकटिग्रीवा स्तब्धदृष्टिरधोमुखम् ।
कष्टेन लिखितं ग्रंथं यत्नेन परिपालयेत् ॥

पाठ मोडली, कंबर मोडली, मान मोडली, डोळे ताठले, तोंड खाली. कष्टानं लिहिलं आहे, जपून ठेवा.

टंकलेखिका
शनिवार, सायंकाळी ६.२५

जुने पान, हा श्लोक मी आज मोठ्या अक्षरात टाइप करून माझ्या टेबलासमोर चिकटवला. पाठ, कंबर, मान, डोळे, अगदी याच क्रमानं दुखतात. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी दिव्याच्या उजेडात बसलेल्या कुणा माणसाला माझी मान ठाऊक होती असं वाटलं. आभार.

गोदाकाठ_घणसोली
शनिवार, रात्री ९.५०

मी मूळची नाशिकची. त्याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. बदलीवर निघालेल्या जॅक्सनच्या निरोपाचा तो खेळ होता. खटल्यासह सगळं चार महिन्यांत उरकलं. कान्हेरे अठरा वर्षांचे. देह नातेवाइकांच्या हाती दिले नाहीत, खाडीकाठी सरकारनंच दहन केलं.

जॅक्सन संस्कृतचा पंडित होता, आणि बाबाराव सावरकरांना जन्मठेपेच्या वाटेला लावणाराही तोच. माझ्या मनात या दोन्ही गोष्टी एकत्र राहतात, एकीनं दुसरी पुसत नाही. माझ्या मुलाचं वय आज अठरा आहे. त्या अनंताच्या आईला बातमी कुणी सांगितली असेल, कशी सांगितली असेल, यापुढे माझं मन जात नाही. शेजारची माणसं म्हणून मी तिघांच्या आयांना आणते.

चरईकर
शनिवार, रात्री १०.१५

गोदाकाठ, काल मी शास्त्रींबद्दल जे विचारलं त्याचं उत्तर मला तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात मिळालं.

खाजण
रविवार, सकाळी ११.००

दोन दिवस वाचते आहे, आज लिहिते. आम्ही आगरी, उरण तालुक्यातले, आता राहायला उलव्याला. इथे नवी मुंबई म्हटली की नियोजनकारांची नावं निघतात. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता, शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ झालं. मोठी माणसं, मोठं काम, ते मी नाकारत नाही. पण नकाशावर जो हिरवा-निळा मोकळा भाग दिसत होता तो मोकळा नव्हता. ९५ गावं होती. खारबंदिस्तीची भातशेती होती, मिठागरं होती, जिताडं-निवट्या-कोलंबीची खाजणं होती. बांध फुटला तर गाव रात्री उठून चिखल टाकायचं. खारं पाणी एकदा शिरलं की तीन वर्षं भात नाही. आमच्या आजोबांनी अशा रात्री काढल्या आहेत. त्या मेहनतीची किंमत कुठल्या कागदात धरली?

ही किंमत मागायला उभे राहिले ते दि. बा. पाटील. जासईचे, जन्म १३ जानेवारी १९२६, शिक्षणानं वकील, शेतकरी कामगार पक्षाचे. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. सीमाप्रश्नात तुरुंगात, आणीबाणीत तुरुंगात. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या मोबदल्यासाठी आमची माणसं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळीबार केला. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. शेतकऱ्याला नुसते पैसे देऊन उठवायचं नाही, उभ्या राहणाऱ्या शहरात त्याचा वाटा ठेवायचा. ही कल्पना बांधावरच्या माणसांनी रक्त सांडून मिळवली.

ताई, तुम्ही नावानिशी म्हणालात. घ्या. चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत. धुतुमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर. पागोट्याचे कमळाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील. पाच हुतात्मे. आमच्याकडे दर जानेवारीत त्यांना मानवंदना देतात.

२०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून मानवी साखळी झाली, मग सिडकोवर मोर्चा झाला. आजी तेव्हा ऐंशीची, गुडघे धरलेले, तरी साखळीत उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "नाव दिला त बरा होल, पन त्या पाच जनांची नावा कोन घेल?" म्हणून मी आज घेतली.

आजी धवलारीण आहे. आमच्या लग्नात भटाआधी धवलारीण लागते, ती धवले म्हणते, त्यात घराण्याचे पूर्वज येतात, गावदेवी येते, हळद-तांदूळ सगळं येतं. मला वाटतं तुमच्या मोतद्दाराला आजी लगेच ओळखेल. काम करता करता गाण्यातून निरोप द्यायचा म्हणजे काय, हे तिला समजावावं लागणार नाही. भातलावणीत मुकादमासमोर बायका एकमेकींना काय काय सांगायच्या, सगळं गाण्यातून.

शिरढोण_फाटा
रविवार, दुपारी १.३०

पळस्प्याचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात. तिथून गोवा रस्त्यानं जरा पुढे शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. पुण्यात सरकारी लेखाखात्यात नोकरीला होते, आई अत्यवस्थ असताना रजा मिळाली नाही, पोचेपर्यंत ती गेली होती. १८७९ मध्ये बंड, मग एडनचा तुरुंग. १८८३ च्या फेब्रुवारीत दार बिजागऱ्यांतून उखडून बाहेर पडले, पुन्हा सापडले, १७ तारखेला तिथेच वारले. शेजारी दौलतराव नाईक आणि त्यांचे रामोशी, आणि आधी तालमीत घडवणारे लहुजी वस्ताद साळवे. ही नावं मी माझ्या मुलांना फडक्यांच्या नावाआधी शिकवली.

ओळ_तपासा
रविवार, दुपारी ३.०५

धागा फार आवडला, म्हणूनच एक शंका. मोतद्दारानं गाऊन निरोप पोचवला ही हकीकत त्या काळच्या इंग्रजी लिखाणात आहे. पण पंचावन्न घोडे, चौपन्न माणसं हे पद्य हेबरचं. तो स्वतः कवी होता, इंग्रजी पोवाड्याचा साज त्यानं चढवला. तिरंदाज वगैरे तर १८१६ च्या दख्खनेत मला पटत नाही. तो शब्दशः मोतद्दाराचा आवाज धरू नये.

टंकलेखिका
रविवार, दुपारी ३.५०

तुमचं म्हणणं मान्य. पहिल्या पोस्टमध्ये मी ते "लिहून ठेवला" असं लिहिलं, तिथे "आपल्या पद्धतीनं रचून लिहिला" हवं होतं. हेबर १८२५ मध्ये ठाण्याला आला, इथल्या सेंट जेम्स चर्चची प्रतिष्ठापना त्यानंच केली, आणि त्याआधी चुनारला त्रिंबकजींना तो कैदेत भेटलाही होता. म्हणजे गोष्टीची दोन्ही टोकं त्यानं पाहिली, पण मोतद्दाराचे मराठी शब्द त्याच्या वहीत इंग्रजी होऊन बसले. ते शब्द कसे असतील याचा विचार मी दोन दिवस करते आहे. खरारा करताना, चंदी दाखवताना घोड्याशी बोलतात तसे साधे असतील. "झाड", "घोडं", "आज नको", "उद्या". पहारेकरी हसला असेल, बरं गातो म्हणून.

आता थोडं कामाचं. खाजण, तुम्ही व्यक्तिगत निरोपात विचारलंत की आजीला ती भिंत बघायची आहे. अकोले ते कळवा आणि घाटाचे काम हेही येतो म्हणाले आहेत. मग पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला कोपिनेश्वराच्या दारात भेटू, चरईकर देवळाबद्दल सांगतील. तिथून तलावाच्या कडेनं सावकाश जेलकडे, वाटेत चर्च बाहेरून. भिंतीपाशी फोटो काढू देत नाहीत, तेव्हा फोन पिशवीत ठेवा. जुने पान, तो श्लोक म्हणायला तुम्ही या.

रविवारी कोर्ट बंद, त्यामुळे नाक्यावर सावलीला जागा मिळेल. आजींना उभं राहावं लागणार नाही, माझी टायपिंगची खुर्ची मी शनिवारी संध्याकाळीच बाहेर काढून ठेवते. येताना त्यांचं पूर्ण नाव मला लिहून पाठवा.

खाजण
रविवार, सायंकाळी ५.१५

आजीला वाचून दाखवलं. नाव पाठवते आहे, तिच्या आईचंही पाठवते. ते तिनं आज मला पहिल्यांदाच सांगितलं.